चावी कुणाच्या हातात? शहराचं पाणी, यंत्रं आणि माणसं

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की पाणीपुरवठ्यातली यंत्रं हा विषय इतिहासाच्या अभ्यासकांनी कशाला घ्यायचा? तो इंजिनिअरांवर सोडावा. प्रश्न रास्त आहे. पण यंत्र आलं की माणसाचं काम जातं का, आणि काम गेलं तर त्या माणसाला जे ठाऊक होतं त्याचं काय होतं, हा प्रश्न शहराच्या पाण्याला गेल्या दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा पडलेला आहे. आज स्वयंचलित व्हॉल्व्ह, सेन्सर, संगणकावरचं नियंत्रण अशी भाषा कानावर पडते, तेव्हा ते पहिल्यांदाच घडतंय असं आपल्याला वाटतं. ते तसं नाही. म्हणून आज आपण मुख्यतः मुंबईचं उदाहरण घेऊ, मधे थोडं लंडनला आणि कॅनडाला जाऊन येऊ, आणि शेवटी आपल्या गावांपर्यंत पोचू.

सुरुवात एका माणसापासून करू. मुंबईत त्याला चावीवाला म्हणतात. इतर शहरांत व्हॉल्व्हमन म्हणतात, कुठे नुसतं ‘पाणी सोडणारा’. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी, वरच्या टोकाला आडवी दांडी. रस्त्यातलं झाकण उघडायचं, खाली व्हॉल्व्हच्या डोक्यावर चावी बसवायची आणि दोघांनी मिळून दांडी फिरवायची. एका वस्तीचं पाणी बंद होतं, दुसरीचं सुरू होतं. मग गाडीत बसून पुढच्या झाकणाकडे. चाळीत वाढलेल्या माणसाला ‘पाण्याची वेळ’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आधी नळातून वारा येतो, नळ खाकरल्यासारखा आवाज करतो, मग गढूळ धार, मग स्वच्छ पाणी. घरातली बाई अंथरुणातून उठते ती या आवाजाने. पण त्या आवाजाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा असतो आणि त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं.

आता कुणी म्हणेल, चावी फिरवायला काय अक्कल लागते? थोडा हिशेब सांगतो. जलखात्यांत एक ढोबळ नियम आहे: व्हॉल्व्हचा व्यास जितके इंच, त्याच्या तिप्पट आणि वर दोनतीन, इतके फेरे तो पुरता उघडायला लागतात. म्हणजे १२ इंची व्हॉल्व्हला ३८ च्या आसपास. पण सगळे फेरे सारखे नसतात. पहिल्या काही फेऱ्यांत पाणी झपाट्याने वाढतं, पुढचे बरेच फेरे नुसतेच जातात. आणि बंद करताना घाई केली तर वाहत्या पाण्याचा सगळा धक्का पाइपावर बसतो. इंजिनिअर त्याला वॉटर हॅमर म्हणतात. या धक्क्याने जुना बिडाचा पाइप फुटू शकतो. म्हणून शेवटचे फेरे हळू फिरवायचे असतात. शिवाय पुरता उघडायचा नाही असेही व्हॉल्व्ह असतात. हा १४ फेरेच उघडायचा, नाहीतर चढावरच्या वस्तीला पाणी चढणार नाही. त्याचे आटे झिजलेत, तो उलटा फिरतो. हे सगळं हाताला कळलेलं असतं. मनगटाला मिळणाऱ्या विरोधावरून आत काय चाललंय ते ओळखायचं. असं ज्ञान असणाऱ्या माणसाला आपण अकुशल म्हणतो का, हा आजचा पहिला प्रश्न.

आता मागे जाऊ. नळ येण्याआधी मुंबई विहिरी आणि तलावांच्या पाण्यावर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही आज नुसती नावं उरली आहेत. तिथे खरोखर पाणी होतं. ते पाणी घरोघर पोचवणारा पखाली होता, मशक घेऊन फिरणारा भिस्ती होता. चामड्याच्या पखालीतलं पाणी कुणाला चालायचं, कुणाला चालायचं नाही. ज्यांना चालायचं नाही त्यांच्याकडे हंडे वाहणारी दुसरी माणसं होती. म्हणजे पाण्याच्या कामात जात होती, चाकरी होती आणि ओझं होतं. शहर वाढलं, तलाव उन्हाळ्यात आटू लागले. १८४० आणि १८५० च्या दशकांत टंचाईने लोक हैराण झाले आणि सरकारला लांबून पाणी आणण्याचा विचार करावा लागला.

हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरने मिठी नदीच्या खोऱ्यात विहारला धरण बांधण्याची योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी पाइपातून शहरात आलं. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. तानसा आजच्या शहापूर तालुक्यात आहे, शहरापासून जवळपास शंभर किलोमीटरवर. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये वैतरणेचं धरण झालं. मुंबईचे इंजिनिअर एन. व्ही. मोडक यांच्या नावाने तो जलाशय आज मोडकसागर म्हणून ओळखला जातो. पुढे अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज सात जलाशयांमधून रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी शहराला येतं, आणि त्यातलं बहुतेक ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांच्या डोंगरांतून येतं.

पाइप हे त्या काळचं यंत्रच होतं, हे आपण विसरतो. ते आलं आणि पखाल्याचा धंदा हळूहळू बसला. माणसाने पाठीवर वाहिलेलं पाणी आता उतारावरून आपोआप यायला लागलं. ‘आपोआप’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. शंभर किलोमीटर पाइप आला म्हणजे तो तपासत फिरणारा माणूस आला. सांधा गळला की शिसं ओतून तो बंद करणारा फिटर आला. जलाशयाच्या दारावर राखणदार आला, शुद्धीकरणाला केमिस्ट आला, मीटर आलं म्हणून मीटर वाचणारा आला, आणि व्हॉल्व्ह आला म्हणून चावीवाला आला. पखाल्याचं काम गेलं आणि सहा नवी कामं उभी राहिली. फरक एवढाच, की पखाली दारात येत होता, त्याच्याशी बोलता येत होतं, भांडता येत होतं. ही नवी माणसं भिंतीमागे, झाकणाखाली, रात्रीच्या वेळी काम करणारी. सेनापती बापट मार्गाला जुने लोक अजून तुळशी पाइप रोड म्हणतात, पण त्या पाइपाजवळ काम करणारं माणूस कुणाच्या स्मरणात नाही.

इथे आपण थोडं लंडनला जाऊ, कारण चावीवाल्याचा चुलत भाऊ तिथे होता. त्याला टर्नकॉक म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये पाणी खासगी कंपन्या पुरवत आणि ते दिवसातून ठरावीक वेळच सुटे. गरीब वस्त्यांत एका नळावर सगळी गल्ली, आणि अनेक ठिकाणी रविवारी पाणीच नाही. टर्नकॉक लांब चावी घेऊन यायचा आणि भागाचं पाणी सोडायचा. आग लागली तर बंब आधी पोचायचा आणि टर्नकॉक सापडेपर्यंत हात चोळत उभा राहायचा, कारण पाइपात पाणीच नसायचं. तो लवकर यावा म्हणून त्याला बक्षीस द्यायची पद्धत होती. वर्णन ऐकून तुम्हाला आपलंच शहर आठवत असेल, तर त्यात नवल नाही.

मग टर्नकॉक कुठे गेला? कुठल्या यंत्राने त्याला हटवलं? उत्तर जरा अनपेक्षित आहे. १८३१ मध्ये नॉटिंगहॅमला थॉमस हॉक्सली नावाच्या तरुण इंजिनिअरने पाइपात चोवीस तास दाब ठेवून पाणी देऊन दाखवलं. पुढे १८४४ च्या सुमाराला ब्रिटिश सरकारच्या शहर-आरोग्य आयोगापुढे त्याने साक्ष दिली. सतत पाणी दिलं तर ते वाया जाईल, परवडणार नाही, असं कंपन्या म्हणत होत्या. हॉक्सलीने सांगितलं, की आमच्याकडे एक अनुभवी माणूस आणि एक पोऱ्या सुमारे ८,००० घरांचं वितरण सांभाळतात. रोज व्हॉल्व्ह उघडायचे नाहीत, बंद करायचे नाहीत, त्यामुळे पाइपाला रोज धक्के बसत नाहीत, सांधे सुटत नाहीत, गळती कमी, माणसंही कमी. लंडनला हे पटायला मात्र फार वर्षं लागली. १८५२ चा कायदा झाला, १८७१ चा झाला, कॉलऱ्याच्या साथी येऊन गेल्या, आणि सतत पाणी शतकाच्या अखेरीला रुळलं. १९०४ मध्ये खासगी कंपन्या जाऊन सार्वजनिक मंडळाने कारभार हाती घेतला.

या गोष्टीतून आम्हाला जे दिसतं ते स्पष्ट सांगतो. टर्नकॉकचं रोजचं काम एखाद्या यंत्राने काढून घेतलं नाही. पाणी देण्याची पद्धत बदलली, म्हणून ते काम संपलं. आणि हॉक्सलीच्या त्या वाक्यातला ‘अनुभवी’ हा शब्द विसरू नका. आठ हजार घरांमागे एक माणूस पुरत होता, पण तो कुणीही चालत नव्हता.

आता हाच चष्मा लावून मुंबईकडे बघू. मुंबईत चावीवाला आजही का आहे? पैसे नाहीत म्हणून, यंत्रं नाहीत म्हणून? देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेबद्दल असं म्हणता येणार नाही. तो आहे, कारण पाणी वाटून, वेळ ठरवून दिलं जातं. नुसती सरासरी काढली तर माणशी रोजचं पाणी २५० लिटरहून जास्त पडतं. पण त्यातलं बरंच गळतीत आणि बेहिशेबी जातं, आणि जे उरतं ते सगळीकडे एकाच दाबाने पोचत नाही. डोंगरावरच्या वस्तीला वेगळा दाब, खाडीकाठच्या टोकाच्या वस्तीला वेगळा. म्हणून शहराचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला काही तास पाणी द्यायचं. जोपर्यंत हे वेळापत्रक आहे तोपर्यंत कुणीतरी उघडणार आणि बंद करणार. हात माणसाचा असो की मोटरचा, काम तेच राहतं.

मोटर का बसवत नाहीत मग? बसवतात. मोठ्या वाहिन्यांवर आणि जलाशयांवर दाब, प्रवाह, पातळी मोजणारी उपकरणं आहेत आणि त्यांची माहिती नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर येते. या व्यवस्थेला स्काडा म्हणतात. कुठल्या जलाशयात किती पाणी चढलं हे पूर्वी फोन करून विचारावं लागे, ते आता बसल्या जागी दिसतं. ही मोठी सोय आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण गल्लीबोळातल्या छोट्या व्हॉल्व्हचं गणित वेगळं आहे. चेंबर रस्त्याखाली, पावसाळ्यात पाण्याने भरलेलं, कधी गटाराच्या शेजारी. तिथे मोटर बसवायची तर वीज न्यावी लागते, ती कोरडी ठेवावी लागते, आणि जुना व्हॉल्व्ह मोटरचा जोर सोसेल का ते पाहावं लागतं. माणूस अडकलेला व्हॉल्व्ह जरा मागे घेतो, पुन्हा पुढे घेतो, तेल घालतो, दुसऱ्या दिवशी येतो. ही समजूत मोटरला घालून द्यावी लागते, आणि ती घालून द्यायची तर आधी ती कुणाकडून तरी शिकावी लागते.

मीटरचंही असंच झालं. २०१० च्या आसपास मुंबईत एएमआर मीटर बसवायला सुरुवात झाली. म्हणजे मीटर वाचायला आत जायला नको, आकडा रेडिओ लहरींवरून मिळतो. मीटर रीडरचं काम संपलं असं वाटलं. पण पाणी तासांवर असेल तर पाइप रोज रिकामा होतो. पाणी सुटलं की आधी हवा ढकलली जाते आणि ती हवा मीटरचं चक्र फिरवू शकते. मग गाळ येतो, तो चक्रात बसतो. शिवाय रिकाम्या पाइपात गळक्या सांध्यांतून बाहेरचं घाण पाणी शिरू शकतं, हा आरोग्याचा प्रश्न वेगळाच. सतत भरलेल्या पाइपासाठी बनलेलं यंत्र रोज रिकाम्या होणाऱ्या पाइपावर बसवलं, तर ते चुकणार किंवा बिघडणार. आणि बिघडलं की तक्रार घेऊन कोण येणार? पुन्हा माणूसच.

मुंबईच्या पाण्यावर अलीकडे दोन चांगले अभ्यास झाले आहेत: लिसा ब्यॉर्कमन यांचं २०१५ चं पुस्तक आणि निखिल आनंद यांचं २०१७ चं. दोघांनीही वर्षानुवर्षं पालिकेच्या इंजिनिअरांबरोबर, कामगारांबरोबर आणि वस्त्यांमध्ये फिरून काम केलं. दोघांच्याही लिखाणात एक गोष्ट येते. जमिनीखाली खरोखर काय आहे हे नकाशा पुरतं सांगत नाही. दीडशे वर्षांत पाइप बदलले, वळवले, जोडले, काही सोडून दिले. म्हणून साहेबालाही हाताखालच्या माणसाला विचारावं लागतं, आणि तरीही कधी कधी रस्ता खणून बघावंच लागतं. शहराच्या पाण्याचा बराचसा नकाशा माणसांच्या डोक्यात आहे.

इथे आजच्या विषयाची खरी नड आहे. डोक्यातला नकाशा ५८ किंवा ६० व्या वर्षी निवृत्त होतो. सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी खात्यातला एक कोपरा कोरा होतो. एकेकाळी जुना माणूस जायच्या आधी नवा त्याच्याबरोबर पाचदहा वर्षं फिरलेला असे. आता अनेक नगरपालिकांत जागा रिकाम्या राहतात, भरती लांबते, आणि कामं कंत्राटावर जातात. कंत्राटी कामगार कष्ट कमी करत नाही. पण कंत्राट बदललं की तो बदलतो. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो हे लक्षात ठेवून काय करणार? आणि ही नड आपल्याच देशात आहे असं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये पाणी क्षेत्रातल्या मनुष्यबळासाठी खास उपक्रम सुरू केला, तेव्हा तिथल्या चालकांपैकी साधारण एक तृतीयांश लोक दहा वर्षांत निवृत्तीला पात्र होतील असं सांगितलं. तिकडे पगार बरा आहे, यंत्रं आहेत, तरी जागेवर यायला तरुण मिळत नाहीत.

यावर एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं: माणसं फार झाली आहेत, कमी करा, कंपनीला द्या. त्यासाठी एक मोजमाप वापरतात, हजार जोडण्यांमागे किती कर्मचारी. या आकड्यात आपली शहरं कायम नापास होतात. पण मुंबईत एक जोडणी म्हणजे बहुतेक वेळा एक घर नसतं. ती एक इमारत असते, एक सोसायटी असते, कधी अख्खी चाळ असते. एका जोडणीमागे शंभर माणसं असतील, तर तो आकडा युरोपातल्या शहराच्या आकड्याशी कसा जुळवायचा? २००६ मध्ये अंधेरी, जोगेश्वरी आणि पार्ले यांच्या पूर्व भागाचा, म्हणजे के-पूर्व विभागाचा, जागतिक बँकेच्या मदतीने एका सल्लागार कंपनीकडून अभ्यास करून घेतला गेला. पाणीवाटप खासगीकडे देण्याची ही पायरी आहे, असं म्हणत नागरिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी विरोध केला आणि ती योजना पुढे गेली नाही. २०१४ मध्ये वांद्रे पश्चिम आणि मुलुंड या विभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग हाती घेतला गेला. शहर मात्र अजून वेळेवरच पाणी भरतं.

आता इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, की आम्ही कामगाराची बाजू घेऊन यंत्राला विरोध करतोय. म्हणून कॅनडातली एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. ऑन्टॅरियो प्रांतात वॉकर्टन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. ते पाणी नळांना गेलं. सात माणसं दगावली आणि २,३०० हून जास्त आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशीत काय निघालं? पाणीपुरवठा सांभाळणारी माणसं वर्षानुवर्षं तिथेच काम करणारी, गावातली होती. त्यांना परवाना मिळाला होता तो अनुभवाच्या जोरावर, परीक्षा न देता. पाण्यातलं क्लोरीन रोज मोजायचं, ते मोजायचं नाही आणि वहीत ठोकळ आकडा लिहून टाकायचा, ही तिथली सवय होती. पाणी चांगलंच आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं; तेही तेच पाणी पीत होते. चौकशीने स्पष्ट म्हटलं, की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारं उपकरण असतं तर साथ टळली असती.

म्हणजे अनुभव पुरेसा नाही. हाताला कळतं ते खरं, पण क्लोरीन हाताला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. ते मोजावं लागतं, आणि माणूस कंटाळतो तिथे उपकरण कंटाळत नाही. वॉकर्टननंतर ऑन्टॅरियोने उपकरणंही सक्तीची केली आणि चालकांचं प्रशिक्षण आणि परवानाही. दोन्ही एकदम. आम्हाला या गोष्टीतलं हे ‘दोन्ही’ महत्त्वाचं वाटतं.

मग आपल्याकडे असं कुठे जमलंय का? सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे. या छोट्या गावाने पंधराएक वर्षांपूर्वी चोवीस तास पाणी सुरू केलं. नवे पाइप, प्रत्येक घराला दुरून वाचता येणारं मीटर, आणि जास्त वापराला चढा दर. पाणी सतत आहे म्हटल्यावर घरात साठवण्याची धडपड थांबते आणि मीटर नीट चालतं, कारण पाइप भरलेला असतो. इथे यंत्र आणि पद्धत एकमेकांना धरून आली. ओडिशात पुरी शहरात २०२१ पासून नळाचं पाणी थेट पिता येतं. तिथे बचत गटांच्या बायकांना जलसाथी म्हणून नेमलं आहे. त्या मीटर वाचतात, बिलं देतात, घरी जाऊन पाण्याची तपासणी करून दाखवतात. यंत्र वाढलं तिथे दारात येणारं माणूस पुन्हा आलं. पखाली गेल्यापासून पाणी देणाऱ्याचं जे तोंड दिसेनासं झालं होतं, ते पुरीत पुन्हा दिसतं.

आणि आपलं गाव? ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. टाकीत टीसीएल पावडर किती टाकायची, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करून पिवळा रंग येतो का पाहायचं, नमुने प्रयोगशाळेला पाठवायचे, हे त्याचं काम. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं आणि गावोगाव नळ पोचले, काही ठिकाणी सेन्सरही बसले. पण जलसुरक्षकाचं मानधन किती आणि ते महिन्याच्या महिन्याला मिळतं का, हे तुमच्या गावात विचारून बघा. वॉकर्टनला जे घडलं ते गाव छोटं होतं म्हणून घडलं. छोट्या गावात एकाच माणसावर सगळं असतं आणि त्याची वही कुणी तपासत नाही. आपल्याकडे अशी गावं हजारोंनी आहेत.

तर मंडळी, या सगळ्या इतिहासातून आम्ही तीन गोष्टी मागतो. पहिली, निवृत्तीच्या आधी त्या माणसाबरोबर कुणीतरी वही आणि कॅमेरा घेऊन फिरावं. प्रत्येक व्हॉल्व्ह, किती फेरे, कुठल्या बाजूला, कुणाला पाणी जातं. फार मोठा खर्च नाही. सत्कार समारंभाच्या आधी सहा महिने हे झालं पाहिजे. आणि त्या नोंदीवर त्या माणसाचं नाव असलं पाहिजे, कारण ते त्याचं लेखन आहे. दुसरी, चावीवाला, पंपचालक, जलसुरक्षक यांना प्रशिक्षण, परीक्षा आणि परवाना द्या, आणि त्याप्रमाणे पगार द्या. कुशल म्हणायचं आणि रोजंदारीवर ठेवायचं, हे चालणार नाही. तिसरी, कुठलंही यंत्र घेण्याआधी निविदेत एक प्रश्न लिहा: पाचव्या वर्षी, पावसाळ्यात, रात्री तीन वाजता हे बंद पडलं, तर दुरुस्त कोण करणार, आणि तो माणूस आज आपल्या पगारपत्रकावर आहे का?

चावीवाला कायम राहावा असा आमचा आग्रह नाही. खरं सांगायचं तर, ज्या दिवशी मुंबईत पहाटे उठून पाणी भरावं लागणार नाही, त्या दिवशी त्याची ती लांब चावी एखाद्या संग्रहालयात जाईल आणि आम्हाला आनंदच होईल. बाईची झोपही पुरी होईल आणि चावीवाल्याची पाठही मोकळी होईल. पण तो दिवस आणायचा तर पाइप कुठे आहेत, कुठले गळतात, कुठल्या चढावर पाणी अडतं, हे आधी माहीत पाहिजे. ते आज ज्याला माहीत आहे तो उद्या पहाटे तुमच्या गल्लीच्या तोंडाशी झाकण उघडत असेल. जाता-येता दिसला तर थांबून त्याला विचारा, हा व्हॉल्व्ह किती फेऱ्यांचा आहे. तो सांगेल. आजवर त्याला हे फारसं कुणी विचारलेलं नाही.